कोरडवाहूच्या वाट्याला आलेला पैसा : इक्रिसॅटचा इतिहास

२८ मार्च १९७२ रोजी भारत सरकार आणि फोर्ड फाउंडेशन यांच्यात एक करार झाला. फोर्ड फाउंडेशनने त्यावर सही केली ती दुसऱ्यांच्या वतीने. जगभरचे देणगीदार देश, बँका आणि प्रतिष्ठाने यांनी मिळून वर्षभरापूर्वी एक गट स्थापन केला होता, पण त्या गटाला करार करण्याइतके कायदेशीर अस्तित्वच नव्हते. त्या करारातून हैदराबादजवळच्या पटानचेरू येथे ‘आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्णकटिबंधीय पीक संशोधन संस्था’ उभी राहिली. एवढे लांबलचक नाव कोणी घेत नाही. शेतकऱ्यापासून कुलगुरूपर्यंत सगळे तिला इक्रिसॅट म्हणतात. आपल्याकडे त्या सालाची ओळख वेगळी आहे. करारानंतर दोन-तीन महिन्यांतच पावसाने दगा दिला आणि महाराष्ट्राच्या पिढ्यांना ‘बहात्तरचा दुष्काळ’ हा शब्द मिळाला. कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी संस्था त्याच वर्षी आपल्या शेजारी जन्माला यावी हा योगायोग होता. तिची गरज मात्र कितीतरी आधीपासूनची होती.

या संस्थेचा इतिहास बहुधा वाणांच्या नावांनी सांगितला जातो. या स्मरणिकेसाठी तो पैशाच्या बाजूने सांगायचा आहे. कोणत्या वर्षी किती डॉलर आले हा माझा विषय नाही. पैसा कोणत्या अटींवर आला आणि किती काळ थांबायला तयार होता, हे पाहिले तर इक्रिसॅटचे यश आणि तिच्या अडचणी दोन्ही उलगडतात.

फिलिपिन्समध्ये १९६० साली भाताची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली, मेक्सिकोत गहू आणि मक्याची झाली. रॉकफेलर आणि फोर्ड या दोन प्रतिष्ठानांनी त्यांचा भार उचलला होता. बुटक्या गव्हाने आणि भाताने पंजाबपासून फिलिपिन्सपर्यंत जे घडवले ते सर्वांनी पाहिले, पण एवढा खर्च दोन प्रतिष्ठानांना कायम पेलणारा नव्हता. म्हणून १९६९ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ येथे बोलणी सुरू झाली आणि १९ मे १९७१ रोजी वॉशिंग्टनला जागतिक बँकेत या देणगीदारांच्या गटाची पहिली बैठक झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो सीजीआयएआर म्हणून ओळखला जातो. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनामारा यांनी ही कल्पना आपली मानून पुढे रेटली.

त्या व्यवस्थेची रीत आज विलक्षण वाटते. प्रत्येक देणगीदाराने हवी ती संस्था निवडायची आणि तिला पैसे द्यायचे. तुटीची खिंडारे शेवटी जागतिक बँकेने बुजवायची. अमेरिकेने एकूण गरजेच्या पाव हिश्शापर्यंत देण्याची तयारी दाखवली. मिळालेल्या पैशाचे काय करायचे ते मात्र संस्थेचे संचालक मंडळ आणि शास्त्रज्ञ ठरवणार होते. ऑस्ट्रेलियाचे सर जॉन क्रॉफर्ड यांच्या अध्यक्षतेखाली एक तांत्रिक सल्लागार समिती नेमली होती. पहिली मोठी उणीव तिच्यापुढे आली ती हीच, की गव्हाला आणि भाताला घर मिळाले, पण ज्यांच्या शेताला पाणीच नाही त्यांच्या ज्वारी-बाजरीला, तुरी-हरभऱ्याला कोणी वाली नाही. या गटाने स्वतः नव्याने उभारलेली पहिली संस्था म्हणून इक्रिसॅटची निवड झाली. भुईमूग १९७६ मध्ये पाचवे पीक म्हणून यादीत आला.

जागा हैदराबादची का? एकाच कुंपणात खोल काळी जमीन आणि तांबडी जमीन दोन्ही मिळत होत्या. आशिया आणि आफ्रिकेतल्या कोरडवाहू शेतकऱ्यांचा मोठा हिस्सा या दोन प्रकारच्या मातीवर जगतो. सुमारे १,४०० हेक्टर जमीन सरकारने दिली. ती मोकळी नव्हती. मनमूल आणि काचिरेड्डीपल्ली ही दोन गावे त्यासाठी उठली. संस्थेच्या इतिहासात देणगीदारांची यादी नेहमी छापली जाते, त्या यादीत या दोन गावांची नावेही असायला हवीत असे मला मनापासून वाटते. ११ जानेवारी १९७५ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते कोनशिला बसली. पहिले संचालक राल्फ कमिंग्ज यांनी तोवर कामाला सुरुवात केलेलीच होती.

पहिल्या दशकातली कामे पाहिली की दिसते, यातले एकही काम तीन वर्षांच्या मुदतीत बसणारे नव्हते.

तुरीचे उदाहरण घ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ‘मर’ आणि ‘वांझ’ हे दोन रोग कोणी समजावून सांगावे लागत नाहीत. मर रोगात फुलोऱ्यावर आलेले झाड उभ्या उभ्या वाळते. वांझ रोगात झाड हिरवेगार राहते, पण शेंग धरत नाही. पंतनगरहून १९७४ मध्ये आलेले डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे कडधान्यांच्या रोगांचे प्रमुख झाले. भातावरचा खैरा रोग जस्ताच्या कमतरतेमुळे होतो हे पंतनगरला असताना त्यांनीच दाखवून दिले होते. पटानचेरूत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मर रोगाचे शेत तयार केले. चांगली जमीन मुद्दाम रोगट करायची, बुरशी वर्षानुवर्षे त्यात वाढू द्यायची, आणि मग त्या मातीत हजारो प्रकारची तूर पेरायची. बहुतेक सगळी मरते. जी तगते तिचे बी राखायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मातीत तिला घालायचे. बाहेरून पाहणाऱ्याला हा पैशाचा आणि जमिनीचा नाश वाटला असता. त्याच शेतातून महाराष्ट्रातल्या गावरान तुरीतून निवडलेला आयसीपी ८८६३ हा वाण पुढे आला. ‘मारुती’ नावाने तो १९८६ मध्ये कर्नाटकात प्रसारित झाला आणि गुलबर्गा पट्ट्यातले तुरीचे पीक त्याने सावरले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलेली ‘आशा’, म्हणजे आयसीपीएल ८७११९, मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद देत नव्हती. बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या ‘बीएसएमआर’ वाणांच्या वंशावळीतही पटानचेरूच्या संग्रहातले क्रमांक सापडतात.

वांझ रोगाची गोष्ट तर आणखी लांबची. १९३१ मध्ये बिहारच्या पुसा येथे त्याची नोंद झाली. तो एका सूक्ष्म कोळ्यामुळे पसरतो हे साठच्या दशकात कळले. त्यामागचा विषाणू नेमका कोणता, हे मात्र स्कॉटलंडमधल्या संशोधन संस्थेच्या सहकार्याने २००० च्या सुमारास उमगले, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांनी. त्या शोधाला ब्रिटनच्या विकास खात्याचा पैसा होता. त्या देशातल्या करदात्याच्या ताटात तूर क्वचितच येत असेल, तरी मराठवाड्यातल्या शेंगा न धरणाऱ्या झाडासाठी त्याने पैसे मोजले. आंतरराष्ट्रीय संशोधन-निधी म्हणजे काय, ते यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही.

आता आपल्या गावांकडे वळतो, कारण इक्रिसॅटच्या इतिहासात महाराष्ट्राचा सर्वात मोठा वाटा बियाण्यात नाही, तो माणसांत आहे. १९७५ मध्ये संस्थेच्या अर्थशास्त्रज्ञांनी सहा गावे निवडली. महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि डोकूर, सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कान्झरा आणि किनखेड. तांबडी माती, बेभरवशाच्या पावसाची खोल काळी माती आणि बऱ्यापैकी पावसाची मध्यम काळी माती, अशी तीन रूपे त्यात आली. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे घेतली. त्यांत भूमिहीन मजूर होते, लहान शेतकरी होते, मध्यम आणि मोठेही होते. शिकलेले तरुण अन्वेषक त्या गावात खोली घेऊन राहिले. दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जायचे आणि विचारायचे : काय पेरले, किती मजूर लावले, कोणाकडून उसने घेतले, बैल विकला का, कोणी गाव सोडून कामाला गेले का. यांतल्या काही गावांत हे सलग दहा वर्षे चालले.

एखाद्या कुटुंबाचा एक दुष्काळ नोंदवणे सोपे असते. दुष्काळानंतर ते घर कसे उभे राहते, किंवा राहत नाही, हे पाहायला दहा वर्षे लागतात. या नोंदींतून पुढे आलेल्या गोष्टी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेल्या. हान्स बिन्सवांगर यांनी गावकऱ्यांना खऱ्या पैशाचे नाणेफेकीचे खेळ खेळायला दिले. मोठ्या रकमांवर बहुतेक सगळे सारखेच सावध असतात, गरीब जास्त भितो आणि श्रीमंत धाडस करतो असे काही नाही, हे त्यातून दिसले. गरीब शेतकरी नवे बियाणे घेत नाही तो मनाने भित्रा म्हणून नव्हे, त्याच्याजवळ कर्ज आणि साधने नसतात म्हणून, असा त्याचा अर्थ होता. नरपत सिंग जोधा यांनी गायराने आणि पडीक सार्वजनिक जमिनी आटत चालल्याचे आणि त्याची झळ सर्वात गरिबाला बसत असल्याचे मांडले. मुलीचे लग्न लांबच्या गावी करण्यामागे वेगवेगळ्या पाऊसमानाच्या गावांतल्या सोयऱ्यांचा आधार मिळवण्याचा हिशेब असतो, हे रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांनी याच आकड्यांवरून १९८९ मध्ये दाखवले. रॉबर्ट टाउनसेंड यांचा १९९४ मधला गाजलेला शोधनिबंध औरेपल्ली, शिरापूर आणि कान्झरा यांच्यावरच उभा आहे. मोहोळ आणि मूर्तिजापूर तालुक्यांतल्या या गावांची नावे जगभरच्या विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ आहेत. आपल्या शाळा-कॉलेजांत ती किती जणांना माहीत असतील?

१९८५ मध्ये नोंदी थांबल्या. २००१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि २००९ पासून गेट्स फाउंडेशनच्या निधीवर पूर्व भारत आणि बांगलादेशातल्या गावांपर्यंत पसरल्या. मधली पंधरा-सोळा वर्षे कोरी राहिली. त्याच काळात आर्थिक उदारीकरण आले, सोयाबीनने विदर्भ व्यापला, बोअरवेल खोल गेल्या. गावात राहून घराघरांतून घेतलेल्या नोंदी त्या काळाच्या आज नाहीत आणि पुढेही कधी मिळणार नाहीत. ते नुकसान कोणत्याही रकमेने भरून येणारे नाही.

काळ्या जमिनीचे काम या नोंदींच्या अगदी उलट चालीचे झाले. खोल काळी जमीन पावसाळ्यात चिकट होते, पाणी साचते, म्हणून जुन्या पद्धतीत ती खरिपात पडीक ठेवून रब्बीला ज्वारी किंवा हरभरा घेत. पटानचेरूच्या शास्त्रज्ञांनी दीड मीटर अंतरावर सऱ्या काढून मधे रुंद वरंबे ठेवले, पाऊस येण्याआधी कोरड्यात पेरणी केली आणि वर्षात दोन पिके घेतली. १९७६ पासून एकाच क्षेत्रावर चाललेल्या या प्रयोगात सुधारित पद्धतीत हेक्टरी सुमारे पाच टन धान्य येत राहिले, जुन्या पद्धतीत सुमारे एक टन. तरीही ऐंशीच्या दशकात शेतकऱ्यांनी ही पद्धत फारशी उचलली नाही. त्यासाठी लागणारे बैलजोडीचे चाकांचे अवजार महाग होते आणि दुरुस्तीला अवघड होते. त्या काळातल्या टीकाकारांनी हे अपयश ठरवले, आणि त्या घडीला ते खरेही होते. पुढे ट्रॅक्टर आले, सोयाबीन आले, पाऊस एका दिवसात कोसळून मग वीस दिवस गायब व्हायला लागला. आज आपल्याकडे ‘बीबीएफ’ पेरणीयंत्र घेऊन सोयाबीन पेरणारा शेतकरी तीच रुंद वरंबा-सरी करतो. जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या ‘पोकरा’ या राज्याच्या शेती प्रकल्पाने तिचा प्रसार केला. संशोधनाचा उपयोग पाच वर्षांत दिसला नाही म्हणून ते फुकट गेले असे म्हणू नये, याला मी यापेक्षा चांगला दाखला देऊ शकत नाही.

बाजरीत एक सुखद गोष्ट घडली. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात संकरित बाजरी गोसावी रोगाने, म्हणजे केवड्याने, वारंवार हातची जात होती. पटानचेरूच्या संग्रहात पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातली ‘इनियाडी’ नावाची टपोऱ्या दाण्यांची, लवकर येणारी गावरान बाजरी होती. तिच्यातून निवडलेला आयसीटीपी ८२०३ हा वाण १९८८ मध्ये महाराष्ट्रात आला आणि नाशिक-नगर-बीडच्या शेतात रुळला. त्याच वाणातून लोहाचे प्रमाण जास्त असलेली ‘धनशक्ती’ राहुरीच्या कृषी विद्यापीठाबरोबर निवडली गेली आणि २०१४ मध्ये देशभरासाठी अधिसूचित झाली. ज्वारीत असेच काम परभणीच्या विद्यापीठाबरोबर झाले, त्यातून २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ आली. टोगोच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले बी बीडच्या भाकरीत उतरले, यासाठी जगाने एक सामाईक संस्था चालवणे गरजेचे होते. एकट्या भारताने किंवा एकट्या टोगोने हे घडले नसते.

आफ्रिकेत संस्था १९७५ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या पैशावर गेली. १९८१ मध्ये नायजरमधल्या सादोरे येथे तिचे साहेल केंद्र सुरू झाले, पुढे माली, नायजेरिया, केनिया, मलावी, झिम्बाब्वे येथे कामे उभी राहिली. रेताड जमिनीत शेतभर खत फेकण्याऐवजी बाटलीच्या झाकणाने मोजून प्रत्येक टोकणीला चिमूटभर द्यायचे ही तिथली पद्धत गरीब शेतकऱ्याला परवडणारी ठरली. गेट्स फाउंडेशनच्या निधीवर २००७ ते २०१९ चाललेल्या कडधान्य प्रकल्पासाठी संस्थेला २०२१ चे आफ्रिका फूड प्राइझ मिळाले.

नव्वदच्या दशकात हवा पालटली. शीतयुद्ध संपले, धान्याचे भाव पडलेले होते, श्रीमंत देशांना शेती संशोधनात पूर्वीइतका रस उरला नाही. पटानचेरूत माणसे कमी करावी लागली, काही कामे बंद पडली. जो पैसा येई तोही बदलला होता. संस्थेच्या हाती बिनअटीचा मूळ निधी घटत गेला आणि अमुक देशात, अमुक पिकावर, अमुक महिन्यांत निकाल दाखवा अशा अटींचा प्रकल्प-निधी वाढत गेला. २००० मध्ये फिलिपिन्सचे विल्यम दार महासंचालक झाले. या पदावर आलेले ते पहिले आशियाई. त्यांच्या चौदा-पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत संस्था आर्थिकदृष्ट्या सावरली. खासगी बियाणे कंपन्यांनी वर्गणी देऊन संकरित वाणांच्या पालक जाती घ्यायच्या, अशी संघ-पद्धत सुरू झाली. राज्य सरकारांनी पैसे दिले. कर्नाटकने २००९ मध्ये ‘भूचेतना’ उभी केली, तिच्यात गावोगावची माती तपासून जस्त, बोरॉन, गंधक यांची उणीव भरण्यात आली.

अटींच्या पैशाने चांगली कामेही झाली, ते नाकारणे अन्याय होईल. हरियाणातली ‘एचएचबी ६७’ बाजरी केवड्याला बळी पडू लागली होती. ब्रिटिश निधीवर तिच्यात जनुक-खुणांच्या साहाय्याने प्रतिकारशक्ती आणली गेली आणि २००५ मध्ये सुधारित वाण शेतात गेला. राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने तुरीचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला, २०१३ मध्ये हरभऱ्याचा आला. पण ही कामे ज्या साठ्यावर उभी राहिली तो साठा कोणत्याही प्रकल्पाने जमवलेला नव्हता. तो सत्तर-ऐंशीच्या दशकांत बिनअटीच्या पैशातून, गावोगाव फिरून गोळा केलेला होता.

तो साठा म्हणजे पटानचेरूची जनुकपेढी. १४४ देशांतून आलेले सव्वा लाखाहून अधिक नमुने तिथे आहेत. रोजच्या वापराचे बी चार अंश सेल्सिअसला राहते, कायमचे उणे वीस अंशाला. दर काही वर्षांनी उगवण तपासावी लागते, उगवणशक्ती घटली की पेरून नवे बी घ्यावे लागते. लाखाहून अधिक नमुन्यांची प्रत नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावरील बर्फाळ तिजोरीत ठेवली आहे. यादवी युद्धांत आणि दुष्काळांत ज्या आफ्रिकी देशांची स्वतःची बियाणी हरवली, त्यांना इथून परत देता आली. हे काम कधी ‘पूर्ण’ होत नाही, म्हणून त्याला प्रकल्प-निधी शोभतच नाही. २००४ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक पीक विविधता न्यासाने मुद्दल गुंतवून व्याजावर अशा पेढ्या चालवण्याचा मार्ग काढला. माझ्या मते शेती संशोधनाच्या अर्थकारणातला गेल्या पंचवीस वर्षांतला हा सर्वात शहाणपणाचा निर्णय आहे.

५ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाला प्रारंभ झाला. हवामान बदलाच्या काळातल्या पीक संरक्षणासाठी आणि वर्षात अनेक पिढ्या घेऊन वाण लवकर तयार करण्यासाठी दोन नव्या सुविधा त्या दिवशी सुरू झाल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२५ मध्ये, अमेरिकेने आपली आंतरराष्ट्रीय विकास संस्था बंद केली. १९७१ मध्ये पाव हिस्सा उचलणारा देश असा बाजूला होतो तेव्हा धक्का एकट्या पटानचेरूला बसत नाही, सगळ्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधनाला बसतो.

भारत आता घेणाऱ्यांच्या रांगेतला देश राहिलेला नाही. देणगीदारांच्या यादीत त्याचे नाव आहे. महाराष्ट्राच्या शेतीचा बहुतांश भाग आजही पावसावर अवलंबून आहे. बदनापूर, राहुरी, अकोला आणि परभणी या चारही ठिकाणी पटानचेरूचे बी आणि पटानचेरूला इथले बी गेलेले आहे. तेव्हा मागणी स्पष्ट करावीशी वाटते. राज्याने कोरडवाहू संशोधनासाठी दहा-पंधरा वर्षांची, मधे न तुटणारी तरतूद करावी. तिच्यातला एक हिस्सा जनुकपेढीला आणि एक हिस्सा शिरापूर, कळमण, कान्झरा, किनखेड येथील नोंदी अखंड चालू ठेवायला द्यावा. या स्मरणिकेचे वाचक लोकप्रतिनिधी असोत, विद्यापीठांतले असोत वा शेतकरी संघटनांतले, त्यांनी ही मागणी येत्या अर्थसंकल्पाआधी आपापल्या जागी लावून धरावी.